जपानचा दाखला आणि आमचा जिल्हा

शिक्षणाच्या माध्यमाची चर्चा निघाली, की जपानचे नाव घ्यावयाचे, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. वक्ता उठतो, 'एवढासा जपान, परंतु आपल्या भाषेत शिकून मोठा झाला' असे म्हणतो, टाळ्या पडतात आणि सभा विसर्जित होते. आम्हीही आमच्या शिक्षकी पेशात हे वाक्य कितीदा उच्चारले असेल, याची गणती नाही. हाच दाखला शंभर वर्षांपूर्वी आमच्या मुलखात सरकारी अहवालाच्या रूपाने मांडला गेला होता, एका नव्या विद्यापीठाच्या धोरणाला त्याचे बळ मिळाले होते, आणि त्या धोरणाचे बरेवाईट परिणाम आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरांनी भोगले होते, ही हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. ती सांगावीशी वाटण्यास एक निमित्त घडले. आमच्या शाळेतून मराठी माध्यमात शिकून गेलेला एक विद्यार्थी हैदराबादेत विद्यापीठात जपानी भाषा शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो आपली वही घेऊन आमच्याकडे आला. त्या वहीकडे आपण पुढे वळू. आधी अहवालाची गोष्ट.

निजामी राज्याचे शिक्षणखाते १९१६ पासून सय्यद रॉस मसूद यांच्या हाती होते. अलीगढच्या सर सय्यद अहमद खानांचे हे नातू. विलायतेत शिकत असता ई. एम. फॉर्स्टर या तरुण इंग्रजाने त्यांना लॅटिन शिकविले, आणि पुढे १९२४ साली आपली 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी त्यांनाच अर्पण केली. अशा या बहुश्रुत गृहस्थाला १९२२ साली जपानचा प्रवास घडला आणि तेथील शिक्षणव्यवस्थेवरील त्यांचा विस्तृत इंग्रजी अहवाल १९२३ साली हैदराबादेतून प्रसिद्ध झाला. एक आशियाई राष्ट्र पाश्चात्त्य विद्या आत्मसात करते आणि तरीही त्या विद्येचे अध्यापन स्वतःच्या भाषेत करते, ही गोष्ट त्यांच्या मनावर खोल ठसली. तिकडे हैदराबादेत १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा संकल्प सुटला होता, १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले होते आणि १९१९ मध्ये वर्गही भरू लागले होते. इंग्रजी हा सक्तीचा विषय. बाकी सारे अध्यापन उर्दूतून. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे असे विद्यापीठ इंग्रजी अमदानीतील हिंदुस्थानात विरळच होते. त्याच्या पाठीशी जपानचे उदाहरण उभे करता आले, याचे मसूद यांस समाधान वाटले असल्यास नवल नाही.

परंतु जपानने नेमके काय केले होते? येथे थोडे मागे जावयास हवे. दोनशे वर्षांहून अधिक काळ जपानने परकीयांस दार लावून घेतले होते. नागासाकी बंदरातील एका लहानशा बेटावर डच व्यापाऱ्यांना काय ती मोकळीक होती. त्या फटीतून डच पुस्तके आत आली. सुगिता गेंपाकु आणि त्याच्या वैद्य मित्रांनी त्यांतील एक शरीरशास्त्राचे पुस्तक घेतले, आणि धड कोश हाताशी नसताना त्याचे भाषांतर करून ते १७७४ साली छापले. 'भुवई म्हणजे डोळ्यावर उगवणारे केस' एवढ्या एका वाक्याचा उलगडा करण्यात वसंतातील एक लांबलचक दिवस गेला, अशी आठवण सुगिताने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. पुढे फुकुझावा युकिची याने ओसाका येथील शाळेत रात्रीचा दिवस करून डच भाषा शिकली. बंदरे खुली झाल्यावर १८५९ साली तो योकोहामास गेला, तो दुकानांवरील पाट्या त्याला वाचता येईनात, कारण त्या इंग्रजीत होत्या. शिकलेली विद्या एका दिवसात निरुपयोगी ठरली. दुसरा कोणी कपाळास हात लावून बसला असता. फुकुझावाने लगोलग इंग्रजीचा अभ्यास आरंभिला.

याच पिढीत मोरी आरिनोरी यांनी १८७२-७३ च्या सुमारास जपानी भाषा नव्या विद्येस अपुरी आहे, तिच्या जागी इंग्रजी आणावी, असा विचार मांडला होता, हे आपल्या वक्त्यांना बहुधा ठाऊक नसते. मोरी म्हणजे काही सामान्य माणूस नव्हे. तोच १८८५ साली जपानचा पहिला शिक्षणमंत्री झाला. त्याला येलच्या व्हिटनी या भाषापंडिताने सबुरीचा सल्ला दिला, आणि बाबा तात्सुई या जपानी तरुणाने १८७३ साली लंडनमध्ये आपल्या भाषेचे व्याकरणच इंग्रजीत छापून दाखविले. ज्या भाषेला व्याकरण आहे ती अपुरी कशी, असा त्याचा बिनतोड सवाल होता. तोकिओ विद्यापीठ १८७७ साली निघाले तेव्हा तेथील कित्येक अध्यापक परदेशी होते आणि व्याख्याने इंग्रजी-जर्मनमधून होत. जपानी विद्यार्थी त्या भाषा कसून शिकले, परत आपल्या भाषेकडे वळले आणि एकेका संकल्पनेसाठी शब्द घडवीत बसले. तत्त्वज्ञानासाठी 'तेत्सुगाकु' हा शब्द निशी आमाने याने असाच घडविला. म्हणजे जपानने परभाषा टाळली, हे खरे नाही. थोड्यांनी परभाषा जिवापाड शिकावी आणि तिच्यातले धन सर्वांच्या भाषेत आणावे, असा तो उद्योग होता. आमच्या मते जपानच्या दाखल्याचा अर्धा भाग आपण टाळ्यांत हरवून बसलो आहोत, तो हा.

उस्मानियाच्या चालकांस हा भाग कळला होता, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठाच्या आधीच, १९१७ साली, त्यांनी भाषांतराची कचेरी उघडली. दारुल तर्जुमा या नावाने ती ओळखली जाते. इतिहास, गणित, रसायन यांची पुस्तके तिने उर्दूत आणली. पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीदेखील उर्दूतून शिकविली गेली. परिभाषेचा असा कारखाना मराठीत त्या काळी उभा राहिला असता तर आपण धन्य झालो असतो. मग चूक कोठे झाली? जपानात विद्यापीठाची भाषा आणि विद्यार्थ्याच्या घरची भाषा एक होती. निजामी राज्यात सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, चतुर्थांश मराठी, त्याखालोखाल कानडी; उर्दू ज्यांची घरची भाषा होती असे लोक दहांत एक. दहांतील एकाच्या भाषेस सर्वांची स्वभाषा म्हणावयाचे आणि वर जपानचा दाखला द्यावयाचा, हा तर्क तोकिओत टिकला नसता. हैदराबादेत तो तीस वर्षे टिकला.

आदिलाबादच्या मराठी मुलास याचा अर्थ काय होता? घरी मराठी, बाजारात तेलुगू, रानात गेला तर गोंडी किंवा कोलामी, आणि कचेरीत उर्दू. विद्यापीठाची पायरी चढावयाची तर उर्दू मुळापासून शिकावयाची आणि शिवाय इंग्रजी सक्तीची होतीच. स्वतःच्या राज्यातील विद्यापीठात त्याला दोन परभाषा शिकाव्या लागत. आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. तीत तहसिलीच्या पावत्या, शेतसाऱ्याचे कागद, एक अर्ज, असे सारे उर्दूत आहे. आजोबा हिशेब मोडीत लिहीत, अर्ज मात्र उर्दूत करीत. आज घरात त्या पेटीतील एकही कागद वाचू शकेल असा माणूस नाही; मोडीही गेली आणि उर्दूही गेली. जी भाषा पोटासाठी शिकली जाते ती पोटाचा प्रश्न बदलताच घरातून निघून जाते, याचा हा पुरावा आम्ही जपून ठेवला आहे.

याला अपवाद होते आणि ते मोठे होते. सेतुमाधवराव पगडी यांचे नाव या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. निलंग्यास १९१० साली जन्मलेल्या या माणसाने उर्दू-फारसी अशी काही पचविली की मराठी वाचकांस त्या साहित्याची दारे उघडून दिली. पण आम्हांस त्यांचे दुसरे एक काम अधिक मोलाचे वाटते. सरकारी सेवेत आमच्या जिल्ह्यात असता ते गोंडांची भाषा शिकले, त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९५० साली कोलामी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. अंमलदाराने रयतेची भाषा शिकावी, असा उलटा प्रवास त्या राज्यात विरळाच होता.

याच जिल्ह्यात आणखी एक प्रयोग झाला. जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली कोमरम भीम मारला गेला आणि गोंडांच्या हालअपेष्टांकडे सरकारला डोळेझाक करता येईना. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ गोंडांमध्ये येऊन राहिले आणि त्यांच्या प्रेरणेने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. मुलांना आरंभी गोंडीतूनच शिकवावयाचे ठरले. गोंडीला लिपी दिली ती देवनागरी, कारण बाहेरच्या जगाशी या भागातील गोंडांचा व्यवहार बव्हंशी मराठीत चाले. राजधानीतील विद्यापीठ जपानचा दाखला देऊन उर्दू शिकवीत असता, त्याच सरकारच्या पैशाने जंगलातील एका खेड्यात जपानी तत्त्वाचे खरे आचरण चालू होते. तेथे जपानचे नावही कोणी घेतले नसावे. पुढे राज्य बदलले, तेलुगू आली, आणि देवनागरीतील गोंडी पाठांचा तो धागा क्षीण झाला. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेटी यांची समाधी मारलवाईस आहे. शाळेची सहल आम्ही तेथे नेत असतो.

उर्दू माध्यमाचा शेवट १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर झाला. त्यापूर्वी १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियातून काढलेल्या कित्येक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला होता, हे सर्वश्रुत आहे. उर्दूच्या जागी तेलुगू, मराठी वा कानडी आली नाही, इंग्रजी आली. मराठवाड्यास १९५८ साली औरंगाबादेत आपले विद्यापीठ मिळाले. आमचा जिल्हा मात्र १९५६ च्या पुनर्रचनेत आंध्र प्रदेशाकडे राहिला. त्यातून राजुरा आणि किनवट हे तालुके महाराष्ट्राकडे गेले. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. मराठी शाळा राहिल्या, पण त्यांतून निघालेल्या मुलाची पुढली वाट इंग्रजीच्याच दारातून जाते. जपानी शिकणाऱ्याचीही.

आता त्या वहीकडे येतो. हैदराबादेत १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी जी केंद्रीय संस्था निघाली, ती २००७ पासून इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ झाली असून तेथे जपानीही शिकविली जाते. पुण्यात तर जपानीच्या अध्यापनाची परंपरा १९७० च्या दशकापासून आहे. आमचा विद्यार्थी हैदराबादेत नेमका कोठे शिकतो, हे सांगण्याचे कारण नाही. तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. वर्गात सारा खुलासा इंग्रजीतून. इंग्रजी शाळांतून आलेली मुले पुढे निघून गेली आणि आपण मराठी माध्यमातले म्हणून मागे पडलो, असे त्याच्या मनाने घेतले होते. वर्ष पुरे करावे की सोडावे, हे विचारावयास तो आला होता. आणि येथे आम्हांस आमचा अपराध कबूल केला पाहिजे. त्याला निरोप देताना आम्हीच सांगितले होते, 'अरे, आता चार वर्षे मराठी विसर आणि इंग्रजीत विचार करावयास शीक.' मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाने दिलेला हा उपदेश त्याने इमानाने पाळला होता.

वहीत दोन स्तंभ होते, एकात जपानी, दुसऱ्यात इंग्रजी. 'ताबेते मिरु' या प्रयोगापुढे इंग्रजीत चार ओळींचे स्पष्टीकरण होते आणि तळाशी प्रश्नचिन्ह. आम्ही विचारले, "ताबेते म्हणजे?"

"खाऊन, सर."

"आणि मिरु?"

"पाहणे."

"मग हे खाऊन पाहणे झाले की!"

तो क्षणभर गप्प राहिला आणि मग स्वतःच पाने उलटू लागला. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. 'मोत्ते इकु' घेऊन जाणे, 'मोत्ते कुरु' घेऊन येणे. इंग्रजीला ज्या ठिकाणी वळसे घालावे लागतात, तेथे मराठी सरळ चालत जाते. 'किनो कात्ता होन' याचे इंग्रजी करताना पुस्तक आधी आणावे लागते आणि बाकीचे त्याच्या मागे बांधावे लागते. मराठीत ते शब्दाला शब्द लावून 'काल घेतलेले पुस्तक' होते. क्रियापद शेवटी, विभक्तीचे काम करणारा शब्द नामाच्या मागे, 'पाऊस पडेल असे म्हणाला' यातील 'असे' जेथे बसते, तेथेच जपानीतील 'तो' बसतो. त्याच्या तेलुगू भाषिक मित्रालाही हे सांग, असे आम्ही म्हटले, कारण तेलुगूतील 'तिनि चूडु' हेही खाऊन पाहणेच आहे. नादशब्दांची तर गंमतच आहे. मुसळधार पावसाला 'झाझा', रिपरिप पडणाऱ्याला 'शितोशितो', थेंब थेंब पडणाऱ्याला 'पोत्सुपोत्सु', छातीच्या धडधडीला 'दोकिदोकि'. ज्या भाषेत रिमझिम, भुरभुर आणि टपटप आहे, तिच्या लेकराला हे शिकवावयास कोश कशाला हवा?

याहून मोठे आश्चर्य वहीच्या पहिल्याच पानावर होते. जपानी अक्षरमाला त्याने घोकून पाठ केली होती: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तिचा क्रम असा का, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास जपानात नेला, आणि त्या अभ्यासातून हा क्रम घडला. कंठापासून ओठांकडे येणारी ही आपलीच वर्णमाला होय. 'सा' हा चवर्गाच्या जागी आहे, आणि 'हा' पवर्गाच्या, कारण त्या अक्षराचा जुना उच्चार 'प' होता. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानात पोचला आणि नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली त्याच्या हस्ते झाला, हे आम्ही इतिहासाच्या तासाला शिकविले होते. पण क ख ग घ चा त्या मूर्तीशी काही संबंध लावावा, हे आम्हांलाही सुचले नव्हते.

यावरून जपानी आणि आपल्या भाषा एका कुळातल्या, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ओनो सुसुमु या नामांकित जपानी पंडिताने तमिळशी नाते जोडण्याचा मोठा प्रयत्न केला, तो भाषाशास्त्रज्ञांनी मान्य केला नाही. आणि साम्य संपते तेथे डोंगर सुरू होतो. क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही, हे मराठी मुलाला सुखाचे. परंतु नित्य वापरातील म्हणून ठरविलेली चिनी चित्राक्षरे दोन हजारांवर आहेत, एकेकाचे दोन-तीन उच्चार, आणि तेथे मराठी काय किंवा इंग्रजी काय, कोणीच मदतीस येत नाही. तेथे सुगितासारखा वसंतातला दिवस खर्ची घालावाच लागतो. आमचे म्हणणे एवढेच, की सपाट रस्त्यावरसुद्धा या मुलाला डोंगरातून नेले जात होते.

उलट दिशेने हे काम करणारे जपानी अभ्यासक होऊन गेले आहेत. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोटानी यांनी मराठी कागदपत्रे वाचून दख्खनच्या समाजाचा इतिहास लिहिला. फुकाझावा यांचा मध्ययुगीन दख्खनवरील ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला असून गावगाडा आणि वतने यांचा अभ्यास करणाऱ्यास तो टाळता येत नाही. त्यांनी मराठी शिकावयाची ती आपल्या जपानीवर पाय रोवून. आमच्या जिल्ह्यातील मुलाने जपानी शिकताना पाय कशावर रोवावेत, हा प्रश्न आम्ही त्याला अनेक वर्षे चुकीच्या उत्तरासह देत आलो.

त्याने वर्ष सोडले नाही. वहीत आता तिसरा स्तंभ आहे. संक्रांतीच्या सुमारास त्याचा दूरध्वनी आला. जपानी माणूस ओळख होताच, काही मागताना आणि पत्राच्या शेवटी 'योरोशिकु ओनेगाइशिमास' म्हणतो. इंग्रजीत त्याला 'भेटून आनंद झाला' असा अर्थ दिला आहे, पण तो पत्राच्या शेवटी कसा चालेल, असे त्याने विचारले. 'ओनेगाइ' म्हणजे विनंती, एवढे त्याला ठाऊक होते. आम्ही त्याला आजोबांच्या पेटीतील मराठी पत्रांची आठवण दिली. दुसऱ्या दिवशी त्याचा संदेश आला. तिसऱ्या स्तंभात त्याने लिहिले होते: 'लोभ असावा, ही विनंती.'